दुसरं पाणी

लेम्पीआत्याचं मत नाही असा एकही खायचा पदार्थ आमच्या घराण्यात शिल्लक नव्हता. मार्गरिन, ते नकली लोणी, दाराच्या बिजागरीला लावायचं असतं, भाकरीला नाही. हिवाळ्यातला टोमॅटो म्हणजे लाल रंग दिलेलं पाणी, त्यापेक्षा बरणीतलं बीट खा. कांदा घरीच चिरायचा. दुकानात चिरून गोठवलेला मिळतो, त्याला चव कुठून येणार, त्याच्यासाठी कोणी रडलेलंच नसतं. कॉफी फिक्कीच भाजलेली हवी, काळ्या कॉफीची पिशवी हुंगून ती परत फळीवर ठेवायची आणि म्हणायची, घर जळाल्यावर असाच वास येतो. शेपू नव्या बटाट्यांवर आणि माशाच्या सूपमध्ये, तिसरीकडे कुठे घातला की ती ताटली बाजूला सारायची. यकृत-भाताच्या भाजलेल्या खिरीत मनुका नको म्हणणाऱ्या माणसाला मुलगी देऊ नये, असा माणूस सणाला रुसून बसतो. आणि राईची भाकरी अशी हवी की चावली तर तिनंही जरा चावलं पाहिजे.

हे सगळं ती भांडायच्या सुरात सांगायची नाही. उद्या पाऊस आहे असं सांगावं तसं सांगायची. त्यामुळे कोणी वाद घालत नसे. पावसाशी काय वाद घालणार.

कागद वाचून तिनं आयुष्यात काही शिजवलं नाही. वजनकाटा होता, त्यात ती चाव्या ठेवायची. नाक आणि जीभ, बस. दूध नासायच्या आदल्या दिवशी तिला कळायचं. जावई यार्मो म्हणायचा, आईचं नाक पोलिसात पाहिजे होतं.

फक्त एक जिन्नस असा होता की ज्याच्यावर तिचं मत नव्हतं, त्याची तिला भीती होती. कानअळंबी. बर्फ गेलं की मे महिन्यात, झाडं तोडलेल्या वाळूच्या रानात उगवते ती. नाव कानाचं पण दिसते मेंदूसारखी, तपकिरी, सुरकुतलेली. कच्ची खाल्ली तर माणूस मरतो. पाण्यात उकळायची, भरपूर पाण्यात, खिडकी उघडी ठेवून, कारण तिची वाफसुद्धा वाईट. ते पाणी फेकायचं, अळंबी धुवायची, मग परत नव्या पाण्यात उकळायची, ते पण फेकायचं, परत धुवायची. मग लोणी, कांदा, साय. त्याच्यापुढे मग दुसरं काही खावंसं वाटत नाही. आमच्या हाउकिलाम्पी गावात घरोघरी करतात, लहान मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत, बाकी सगळे खातात.

आत्याला भीती कसली, तर तिथं नाक चालत नाही. दोनदा उकळलेली आणि एकदाच उकळलेली, दोन्हींचा वास तोच आणि चव तीच. तिची आई तिला शेगडीपाशी उभी करून सांगायची, बाई गं, इथं तुझ्या जिभेला कोणी विचारत नाही, इथं फक्त पाणी. म्हणून आत्या कानअळंबी करायची त्या दिवशी कोणाशी बोलायची नाही. रेडिओ बंद.

गेल्या शरदात ती गेली. ही गोष्ट त्याच्या आधीच्या वर्षीची, मातृदिनाची.

त्या हिवाळ्यात तिनं एक तवा जाळला होता. मोठं काही नाही, धूर झाला, पडदा काळा पडला. पण मुलगी मेर्वी घाबरली. यार्मोनं येऊन शेगडीच्या वर एक डबी बसवली. शेगडीपाशी बराच वेळ कोणी हललं नाही की ती डबी आपोआप वीज तोडायची. आणि मेर्वी शहरातल्या त्या घराबद्दल बोलायला लागली, जिथं म्हाताऱ्या माणसांना एकेक खोली देतात आणि जेवण झाकलेल्या ताटातून येतं. आत्या एकदा तिथं मैत्रिणीला भेटायला गेली होती. तिनं त्या ताटावरचं झाकण उचलून वास घेतला आणि घरी आल्यावर दोन दिवस जेवली नाही.

"तिथं शेगडी असते का गं?" तिनं मेर्वीला विचारलं.

"कॉफीचं यंत्र असतं, आई."

"मी शेगडीचं विचारलं."

"नसते."

मग आत्यानं विषयच बदलला. पण तेव्हापासून तिला धाक बसला. एखादं भांडं कुठे ठेवलं ते आठवलं नाही की पहिलं काय करायची तर दाराकडे बघायची, कोणी पाहिलं तर नाही ना.

मातृदिनाला आपल्याकडे आईला पलंगावर कॉफी नेऊन देतात, रानातली पांढरी फुलं देतात. आत्याकडे उलटं. माझ्या दिवशी माझ्या शेगडीला कोणी हात लावायचा नाही, असा नियम. मेर्वी, यार्मो आणि नात व्हिल्मा दुपारच्या जेवणाला येणार होती. व्हिल्मा राजधानीत शिकते, वर्षातून दोनदा येते. आदल्या दिवशी आत्या स्वतः रानात जाऊन टोपलीभर अळंबी घेऊन आली होती.

सकाळी तिनं पातेलं चढवलं, खिडकी उघडली, रेडिओ बंद केला. आणि तेवढ्यात शेजारचा तायस्तो आला. मातृदिनाला घरोघरी झेंडा लागतो. वेइको, म्हणजे आत्याचा नवरा, वारल्यापासून तिच्या अंगणातला झेंडा तायस्तोच चढवायचा. त्या दिवशी दोरी वर अडकली. तायस्तो ओढतोय, शिव्या घालतोय, झेंडा अर्ध्यात लटकलेला. अर्ध्यावर झेंडा म्हणजे घरात कोणी मेलं असा अर्थ, आणि तो पण मातृदिनाला. आत्याला ते बघवेना. ती ॲप्रनवरच बाहेर गेली. शिडी आणली, शिडी धरली, खालून हुकूम सोडले. झेंडा वर गेला.

ती आत आली तेव्हा शेगडी बंद होती. डबीनं वीज तोडली होती. पातेल्यात पाणी गरम, पण उकळत नव्हतं. अळंबी आत. तिनं पातेलं उचललं, गोठ्याच्या मागे नेऊन पाणी ओतलं, अळंबी धुतली. पुढचं सगळं नेहमीसारखं. लोणी, कांदा, साय.

जेवायला तिघं आली. बटाटे, भाजलेलं डुकराचं मांस, काकडी, आणि मधोमध कानअळंबीचा रस्सा. यार्मोनं पहिल्यांदा घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, भाकरीनं वाटी पुसली.

"जावईबापू, तळाला नक्षी आहे, ती खाऊ नका," आत्या म्हणाली.

व्हिल्मानं रस्सा घेतलाच नव्हता. "आज्जी, मला ते बुळबुळीत लागतं."

"बुळबुळीत तुझं ते ओटाचं दूध. हे खा."

"थोडंसंच मग."

"थोडंसं मांजर खातं." आणि आत्यानं मोठा डाव भरून तिच्या ताटलीत ओतला. "माझ्या टेबलाशी बसून कोणी उपाशी उठलेलं नाही. खा. आणि तोंड वाकडं न करता खा."

व्हिल्मानं सगळं खाल्लं.

मग कॉफी झाली. पुल्ला, म्हणजे आपला वेलचीचा गोड पाव, आत्यानं पहाटे उठून भाजला होता. पुल्ल्यावर तर तिचं मत गावभर माहीत. वेलची नसली तर तो पुल्ला नाही, घोड्याचा पाव. आणि वेलची कुटलेली पाहिजे, डबीतली पूड नको.

यार्मोनं घास घेतला, चावला, थांबला. मग हसून म्हणाला, "आई, आज घोड्यांना बोलावलंय का?"

"म्हणजे?"

"वेलची नाही यात."

"आहे."

"नाही गं आई," मेर्वी हळूच म्हणाली. "राहू दे, यार्मो. छान झालाय."

आत्यानं एक तुकडा तोडला, तोंडात टाकला. नव्हती. एक दाणा नव्हता. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. ती म्हणाली, "संपली होती," आणि उठून स्वयंपाकघरात गेली. खलबत्ता ओट्यावर होता. त्यात वेलची कुटून तयार. तिनं कुटली होती आणि घातली नव्हती.

ती तिथंच खलबत्ता हातात धरून उभी राहिली. वेलची राहिली. मग अजून काय राहिलं?

पाणी.

तिनं आठवायचा प्रयत्न केला. पातेलं चढवलं, खिडकी उघडली, तायस्तो आला. बाहेर गेली. आत आली, शेगडी बंद. पातेलं उचललं, पाणी ओतलं, धुतली. ते पहिलं पाणी होतं का दुसरं? तायस्तो यायच्या आधी एकदा ओतून झालं होतं का? दर वर्षी दोनदा ओतते म्हणून तिला दोनदा ओतल्याचं आठवत होतं, पण ते या वर्षीचं का गेल्या वर्षीचं ते आठवेना. डोळे मिटले की गोठ्यामागे पाणी ओतणारा हात दिसायचा, पण त्या हातावर कधी उन्हाळ्याचं ऊन होतं, कधी बाही निळी होती. निळा सदरा तर कधीच फाटून गेला होता.

बाहेरच्या खोलीत ती तिघं हसत होती. रश्श्याच्या पातेल्याच्या कडेला थोडा रस्सा उरला होता. आत्यानं बोट लावून चाटला. एवढा चांगला तिच्या हातून वर्षानुवर्षं झाला नव्हता. त्याचंच तिला जास्त भ्या वाटलं.

ती मागच्या दारानं बाहेर गेली. गोठ्याच्या मागे जिथं पाणी ओतते तिथं बघितलं. वाळूची जमीन, सगळं पिऊन बसलेली. एक ओला डाग होता का दोन, एकाच्या वर दुसरा होता, काही कळत नव्हतं. ती वाकली, माती हातात घेऊन हुंगली. मातीचा वास आला.

मग ती कुंपण ओलांडून तायस्तोकडे गेली. तायस्तो लाकडं रचत होता.

"तायस्तो, सकाळी मी बाहेर आले तेव्हा काय म्हणाले?"

"मला बिनडोक म्हणालीस."

"त्याच्या आधी."

"त्याच्या आधी म्हणालीस की मी मारलेली गाठ बघून माझ्या बापानं कोळ्याचा धंदा सोडला असता."

"हसू नको. अळंबीबद्दल काही बोलले का?"

"बोललीस की. अळंबी शेगडीवर आहे, लवकर आवर, असं म्हणालीस."

"पहिल्या पाण्यात का दुसऱ्या?"

तायस्तोच्या हातात लाकूड होतं ते त्यानं खाली ठेवलं. "तुला आठवत नाही?"

ती हाताची माती झटकत राहिली.

"किती जणांनी खाल्लं, लेम्पी?"

"सगळ्यांनी. पोरीनं पण. तिला नको होतं, मी घातलं."

"मग इथं काय करतेस? जा, सांग त्यांना."

"सांगितलं तर मला त्या घरात टाकतील. आणि समजा उकळलं असेल दोनदा, मग उगाच. उगाच गेले ना मी."

"टाकतील," तायस्तो म्हणाला. "टाकू देत. भेटायला येतील तरी कोणी. जा."

ती परत निघाली. तिच्या अंगणापर्यंतचं अंतर म्हणजे काही नाही, पण ते संपता संपेना असं ती नंतर सांगायची. या विषाचं असं आहे की ते लगेच दिसत नाही. माणूस दुपारी जेवतो, संध्याकाळी बरा असतो, आणि मग ओकारी सुरू होते, मग यकृत जातं. ती तिघं दोन तासांच्या वाटेनं घरी निघणार. व्हिल्मा पुढे एकटी रेल्वेनं राजधानीला. तिथं भाड्याच्या खोलीत एकटी. तिला वाटेल पोट बिघडलं. ती झोपून राहील.

आत आली तर तिघं दाराशी होती. यार्मो गाडीची किल्ली खेळवत होता, मेर्वी वाकून बुटाची नाडी बांधत होती.

"कुठे गेली होतीस आई? आम्ही निघतोय."

"बूट काढ," आत्या म्हणाली.

"काय?"

"बूट काढा सगळ्यांनी." ती दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला. "मला दुसरं पाणी आठवत नाहीये."

यार्मो म्हणाला, "कसलं पाणी? आम्ही कॉफी प्यालो की." पण मेर्वीला कळलं. याच गावची पोर ती. तिच्या हातातली नाडी तशीच राहिली आणि तोंड पिठासारखं झालं.

"आई. नीट आठव."

"आठवून झालं. तायस्तोलाही विचारून झालं. नाही आठवत."

"मी दोनदा घेतलं," यार्मो म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"काय झालंय?" व्हिल्मा म्हणाली. "मला कोणी सांगेल का काय झालंय?"

मेर्वीनं तिचा दंड धरला. "तू किती खाल्लंस?"

"आज्जीनं घातलं तेवढं. सगळं."

विषबाधेसाठी एक फोन असतो, दिवसरात्र उचलतात. मेर्वीनं लावला, पण पलीकडची बाई म्हणाली, ज्यांनी शिजवलं त्यांना द्या. आत्यानं फोन कानाला लावला. बाई सावकाश विचारत होती. ताजी का वाळवलेली? ताजी. किती पाण्यात? भरपूर. पहिल्यांदा किती वेळ उकळली? माहीत नाही. दुसऱ्यांदा उकळली का? माहीत नाही. मध्ये शेगडी बंद झाली ती उकळी यायच्या आधी का नंतर?

"माहीत नाही," आत्या म्हणाली. स्वयंपाकाबद्दल हे शब्द तिच्या तोंडून मेर्वीनं जन्मात ऐकले नव्हते. बाई म्हणाली, घरात औषधी कोळसा असेल तर द्या आणि लगेच इस्पितळात जा.

त्या कोळशाची भुकटी घरात होती, पोट बिघडलं तर घेतात ती. बाटलीत एकाला पुरेल एवढीच. आत्यानं ती पाण्यात कालवली आणि कोणाला न विचारता व्हिल्मापुढे धरली. काळं चिखलासारखं.

"आई, तू पण खाल्लंयस," मेर्वी म्हणाली.

"पी," आत्या व्हिल्माला म्हणाली. "तोंड वाकडं करायचं तर कर आज. पण पी."

गाडी यार्मोनंच चालवली. तळ्याच्या कडेनं रस्ता, बर्चची पालवी नुकती फुटलेली, घराघरावर झेंडे. अंगणात लोक केक खात बसलेले. आत्या मागे व्हिल्माच्या शेजारी बसली होती आणि सारखी तिच्याकडे बघत होती. व्हिल्मानं जांभई दिली तरी आत्याचा हात सीटला घट्ट व्हायचा. एकदा व्हिल्मानं पोटावर हात ठेवला.

"दुखतंय?"

"नाही आज्जी. पट्टा घट्ट झालाय."

थोड्या वेळानं यार्मो समोर बघतच म्हणाला, "कोळसा तुझ्या हातचा होता ना, आई. म्हणून पोरीनं संपवला." कोणी हसलं नाही, पण आत्याला जरा बरं वाटलं, की हा अजून तिला चिडवतोय.

इस्पितळात चौघांचं रक्त घेतलं आणि थांबा म्हणाले. रात्रीपर्यंत, कदाचित उद्यापर्यंत. आता नुसतं बघायचं. ओळीनं खुर्च्या, समोर खिडकी, बाहेर लख्ख ऊन. मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळ होतच नाही लवकर. आत्याला वाटत होतं अंधार तरी पडावा, हे असं उजेडात एकमेकांची तोंडं बघत बसणं सहन होत नाही. ती एकेकाचा चेहरा बघायची. यार्मो घामेजला होता, पण तो नेहमीच घामेजलेला असतो. मेर्वीचे ओठ पांढरे होते, पण ते भीतीनं. मग परत व्हिल्मा. मग परत यार्मो. दूध नासायच्या आधी कळणारं नाक होतं तिचं, आणि माणसं नासतायत का ते तिला कळत नव्हतं.

व्हिल्मा एकाएकी उठली आणि कोपऱ्यातल्या मोरीकडे धावली. ओकली. काळं.

आत्या अर्धी उठली. नर्स आली, पोरीचे केस मागे धरले, बघितलं. "कोळशानं होतं असं," ती म्हणाली. "बऱ्याच जणांना होतं. त्याच्यावरून काही म्हणता येत नाही."

"म्हणजे ते नाही ना?" आत्यानं विचारलं.

"म्हणता येत नाही, बाई. रक्ताचा रिपोर्ट येऊ दे."

व्हिल्मा तोंड पुसत परत येऊन आज्जीच्याच शेजारी बसली. तिचा रंग उतरला होता. "आज्जी, तुला बरं वाटतंय ना?" ती म्हणाली.

"तू माझ्याकडे बघू नको. तू पाणी पी."

बऱ्याच वेळानं, यार्मो आणि व्हिल्मा जरा फिरायला म्हणून लांब गेले, तेव्हा मेर्वी म्हणाली, "मला कधी सांगणार होतीस?"

"सांगितलं की. दारातच सांगितलं."

"आजचं नाही. विसरतेस ते."

आत्या म्हणाली, "बटाट्यांना दोनदा मीठ पडतं. एकदा शेपू आणायला बागेत गेले आणि तिथं उभी राहिले, कशाला आले तेच कळेना. आणि परवा वेइकोचं नाव आठवेना."

"बाबांचं?"

"दिवसभर. चेहरा दिसतोय, खोकला ऐकू येतोय, नाव नाही."

"मग?"

"मग काय. त्याच्या मगावर लिहिलंय. कॉफीच्या वेळी सापडला."

मेर्वी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि आत्यानं बॅगेतून रुमाल काढून तिला दिला. रुमालाला कांद्याचा वास येत होता. "घे. यानं तरी रडायला कारण मिळेल," आत्या म्हणाली. मग तिनं बॅग परत बंद केली. "मेर्वी, पोरीला काही झालं तर मला त्या घरात टाकू नका. रानात टाका."

"गप्प बस, आई."

रात्र तिथंच काढली. सकाळी डॉक्टर आली, पोरसवदा बाई, म्हणाली चौघांचं रक्त चांगलं आहे, उद्या परत एकदा घेऊ, पण मला काळजी वाटत नाही. दुसऱ्या दिवशीचंही चांगलं आलं. म्हणजे दुसरं पाणी झालं होतं, असं यार्मो म्हणाला. किंवा पहिलंच पुरलं, असं मेर्वी म्हणाली. नक्की काय ते कोणालाच कधी कळलं नाही, आणि आत्याला ते कळलं नाही म्हणूनच ती भीती तिच्या अंगातून गेली नाही. काही झालं असतं तर भीतीचं दुःख झालं असतं. काहीच झालं नाही, म्हणून ती तशीच राहिली.

घरी आल्यावर आत्या शेगडीपाशी जाईना. मेर्वी शहरातल्या घराचं नाव काढेल म्हणून यार्मो वाट बघत होता, ती काढेना. शेवटी आत्याच म्हणाली, "शेगडी काढून न्या. मला तिच्या शेजारी झोप येत नाही."

"शेगडी राहील," मेर्वी म्हणाली. "पण घरात दुसरं माणूस असेल तेव्हाच पेटेल. फ्यूज यार्मो काढून ठेवेल. शनिवारी मी येईन."

म्हणजे मग आठवडाभर आत्या भाकरी, खारवलेला मासा आणि दही खायची आणि त्या दह्यावर, माशावर, भाकरीवर मतं द्यायची. शनिवारी मेर्वी शेगडीपाशी उभी आणि आत्या खुर्चीत. "आच कमी कर. सुरी तशी धरतात का? कांद्याला घाबरू नको, तो मेलेला आहे." मेर्वी वैतागायची, पण यायची. फक्त मध्येच कधीतरी आत्या थांबायची आणि हळूच विचारायची, "मीठ घातलंस का तू? मी बघितलं का घालताना?" आणि मेर्वी म्हणायची, "घातलं आई, तू बघितलंस."

पुढच्या मे महिन्यात तायस्तोनं कानअळंबीची बादली आणून पायरीवर ठेवली. मेर्वी ती बघून पायरीवरच थांबली. "हे परत घेऊन जा," ती त्याला म्हणाली. आत्या आतून म्हणाली, "आण आत." का म्हणाली ते तिनं कधी सांगितलं नाही. व्हिल्मानं फोनवर विचारलं होतं, यंदा आज्जी करणार का ते, एवढं मात्र खरं. पोरीला ते आवडायला लागलं होतं की आज्जीची समजूत काढायला विचारलं, देव जाणे.

खिडकी उघडली. मेर्वीनं पातेलं चढवलं. आत्या खुर्ची शेगडीच्या अगदी जवळ घेऊन बसली, गुडघे टेकतील एवढी जवळ. पहिलं पाणी मेर्वी ओतायला गेली तर आत्या काठी टेकत मागोमाग गोठ्याच्या मागे गेली. दुसऱ्यालाही गेली. "मोठ्यानं म्हण," ती म्हणाली. मेर्वी अंगणात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "दुसरं पाणी, आई. हे दुसरं." पलीकडून तायस्तो ओरडला, "ऐकलं मी पण."

तरीही जेवताना आत्यानं मेर्वीच्या ताटलीत रस्सा घालू दिला नाही. "तू अंडं खा. आज मी खाते. माझं काही झालं तर हरकत नाही. उद्या तुम्ही."

"आई, मी दोनदा उकळलंय. तू बघितलंस."

"मी बघितलं. पण माझं बघणं किती दिवस टिकतं ते तुला माहीत आहे."

ती एकटीच जेवली, हळूहळू, वाटीभर. यार्मो आणि व्हिल्मा दुसऱ्या दिवशी येणार होते. आत्यानं त्यांना निरोप दिला, मी सांगेन तेव्हा निघा, आधी नाही. मेर्वी मुक्कामाला राहिली. तिला झोप लागली नाही. दोनदा उठून तिनं आईच्या दाराला कान लावला.

सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर आत्या टेबलाशी बसलेली, केस विंचरून, स्वच्छ ॲप्रन घालून, हात पोटावर. खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं आणि तोंड ओढल्यासारखं दिसत होतं. मेर्वी पटकन जवळ गेली.

"काय होतंय, आई?"

"भूक लागलीय," आत्या म्हणाली. "बोलव त्यांना."